गॅलिसियात उतरताना: पासपोर्टच्या खिडकीपासून कस्टम्सच्या टेबलापर्यंत पुरेल एवढी गालेगो

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, पोर्तुगालच्या डोक्यावर गॅलिसिया नावाचा प्रांत आहे. तिथली भाषा गालेगो. १९८१ च्या स्वायत्तता कायद्यापासून ती स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत आहे. सान्तियागो दे कोम्पोस्तेलाच्या विद्यापीठात शिकायला येणारी मुलं, कामिनोची, म्हणजे सान्तियागोपर्यंतची पदयात्रा करायला येणारे, लेकीकडे किंवा मुलाकडे महिनाभर राहायला येणारे आई-बाबा आणि विगो बंदरात जहाजावर रुजू होणारे आपल्याकडचे खलाशी, सगळ्यांचा मला पहिला प्रश्न हाच असतो: स्पॅनिश येत असेल तर गालेगो कशाला?

खरं सांगायचं तर सक्ती कुणाचीच नाही. पासपोर्ट तपासणारे पोलीस केंद्र सरकारचे. ते स्पॅनिश बोलतात, बहुतेकदा कामापुरतं इंग्रजीही. पण बॅगेच्या खिडकीवरची बाई, बसचा ड्रायव्हर, नगरपालिकेतला कारकून ही माणसं तिथलीच असतात आणि गालेगोत सुरुवात करतात. आपल्याकडे विमानतळावरचा जवान हिंदीत बोलतो आणि ग्रामपंचायतीत मराठी चालते, तसंच हे आहे. त्यामुळे पुस्तकभर वाक्यं घोकू नका. कोणत्या टप्प्यावर कोणती भाषा कानावर पडेल हे आधी समजून घ्या आणि तेवढीच तयारी करा.

१. पासपोर्ट कुठे तपासणार आणि बॅग कुठे, हे आधी ठरवा

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. भारतातून गॅलिसियाला थेट विमान नाही. तुम्ही माद्रिद, फ्रँकफर्ट, पॅरिस किंवा लिस्बनला विमान बदलता, आणि शेंगेन प्रदेशातल्या, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या, त्या पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं. पुढे सान्तियागो, विगो किंवा आ कोरुन्याला उतरल्यावर पासपोर्टची खिडकीच लागत नाही.

बॅगेचा नियम मात्र वेगळा आहे. मुंबईत चेक-इन केलेली बॅग थेट सान्तियागोपर्यंत टॅग झाली असेल, तर तिची कस्टम्स तपासणी शेवटच्या विमानतळावर होते. हातातल्या सामानाची तपासणी पहिल्या विमानतळावर. म्हणजे शिक्का माद्रिदला आणि मसाल्यांची चौकशी सान्तियागोजवळच्या लाबाकोल्या विमानतळावर, असंही होऊ शकतं. चेक-इन करताना काउंटरवर विचारा, 'बॅग कुठपर्यंत टॅग केली?' आणि चिठ्ठीवरची तीन अक्षरं स्वतः बघा. सान्तियागोची अक्षरं एस, सी, क्यू.

दोन अपवाद आहेत. लंडनहून थेट सान्तियागोला येणाऱ्यांचं इमिग्रेशन सान्तियागोलाच होतं, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. आणि पोर्तुगालच्या पोर्तो विमानतळावर उतरून बसने विगोला जाणाऱ्यांचा पासपोर्ट पोर्तोला तपासला जातो. मिन्यो नदीवरची पोर्तुगाल-स्पेन हद्द १९९५ पासून खुली आहे; बस थांबतही नाही. तरी पासपोर्ट हाताशी ठेवा, अधूनमधून तपासणी होते. पोर्तोत गालेगो बोललात तर समजून घेतात, दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी आहेत.

माद्रिदच्या खिडकीवर मात्र गालेगोचा प्रयोग करू नका. तिथे इंग्रजी किंवा साधी स्पॅनिश बोला.

२. कागद एका फोल्डरमध्ये, मोबाइलमध्ये नव्हे

पासपोर्ट तपासणीच्या रांगेत मोबाइल वापरू देत नाहीत, आणि नेमका तेव्हाच पीडीएफ उघडत नाही. छापील प्रती घ्या:

• पासपोर्ट. तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा.
• व्हिसा. पर्यटक व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. तुमच्या व्हिसावर त्याहून कमी दिवस लिहिले असतील तर तेवढेच.
• किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा.
• परतीचं तिकीट.
• राहण्याचा पुरावा. हॉटेल असेल तर बुकिंग. कुणाच्या घरी राहणार असाल तर त्या माणसाने स्पेनमधल्या पोलीस ठाण्यातून काढलेलं निमंत्रणपत्र, तेही मूळ प्रत. घरमालकाने साध्या कागदावर लिहून दिलेली चिठ्ठी त्याच्या जागी चालत नाही, आणि आई-बाबांचे प्रवास इथेच अडतात. हे पत्र मिळायला वेळ लागतो, त्यामुळे मुला-मुलींनी तिकडे अर्ज लवकर करावा.
• पैशांचा पुरावा: कार्ड, अलीकडचं बँक स्टेटमेंट, थोडे युरो.
• विद्यार्थी असाल तर विद्यापीठाचं प्रवेशपत्र.
• औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर औषधाचं मूळ नाव.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर नवी इलेक्ट्रॉनिक नोंदणी सुरू झाली. खिडकीवर चेहऱ्याचा फोटो काढतात, बोटं यंत्रावर ठेवायला सांगतात. रांगेला त्यामुळे वेळ लागतो. पुढच्या विमानासाठी मध्ये तासभरच ठेवू नका.

३. उच्चारांसाठी एक संध्याकाळ काढा

मराठी माणसाला गालेगोचे उच्चार इंग्रजीपेक्षा सोपे जातात. त, द आपल्यासारखेच दंत्य, त्यामुळे 'ट' विसरून जा. बाकीचे पाच नियम:

• रोमन एक्स दिसला की 'श'. प्रांतिक सरकार म्हणजे 'शुन्ता'. पाटीवर एक्स फार दिसायला लागले की समजा, मजकूर गालेगो आहे.
• शब्दाच्या शेवटचा 'न' हा 'ङ' होतो, आपल्या 'वाङ्मय'मधला. 'नाही' म्हणजे 'नोङ'. एन आणि एच जोडून आले तरी 'ङ'च: 'एक' याचं स्त्रीलिंगी रूप 'उङा'.
• व्ही हा 'ब'. म्हणून विगोला तिथले लोक 'बीगो' म्हणतात.
• झेड, आणि ई-आयच्या आधीचा सी: जीभ दातांत धरून काढलेला आवाज. मी खाली त्यासाठी 'थ' लिहिला आहे, पण त्यात आपल्या 'थ'चा हकार नाही. किनाऱ्यावरच्या काही गावांत तिथे सरळ 'स' ऐकू येईल.
• पश्चिमेकडच्या बोलीत 'ग'चा 'ह' होतो. 'आल्गो' म्हणजे काहीतरी. ते 'आल्हो' ऐकू आलं तर गडबडू नका.

४. प्रश्न ओळखायला शिका

नवखे लोक उत्तरं पाठ करून येतात आणि प्रश्नच कळत नाही म्हणून अडकतात. प्रश्न मोजकेच असतात, आणि प्रत्येकात एक शब्द असा असतो की तो पकडला की काम झालं. तो शब्द मी पुढे दिला आहे.

• काल ए ओ मोतीबो दा बिआशे? प्रवासाचं कारण काय? (पकडा: मोतीबो)
• कान्तो तेम्पो बाइ केदार? किती दिवस राहणार? (पकडा: केदार. आपल्या ओळखीतला एखादा केदार आठवा, जोर फक्त 'दार'वर द्या. विसरणार नाही.)
• ओन्दे से बाइ आलोशार? कुठे उतरणार? (पकडा: आलोशार)
• तेङ बिल्येते दे बोल्ता? परतीचं तिकीट आहे? (पकडा: बोल्ता)
• कान्तोस कार्तोस त्राए? पैसे किती आणलेत? (पकडा: कार्तोस)
• बिआशा सो? एकटेच आहात? बाईला विचारताना 'सोआ'. (पकडा: बिआशा, म्हणजे प्रवास करता)
• तेङ आल्गो के देक्लारार? जाहीर करण्यासारखं काही आहे? (पकडा: देक्लारार)
• इस्तो के ए? हे काय आहे?
• आब्रा आ मालेता, पोर फाबोर. बॅग उघडा. (पकडा: मालेता)

'कार्तोस' हा शब्द विशेष लक्षात ठेवा. स्पॅनिश शिकून आलेल्यांना तो 'कार्ता' म्हणजे पत्र वाटतो आणि ते निमंत्रणपत्र पुढे करतात. विचारलेले असतात पैसे.

सराव असा करा. घरातल्या कुणाला तरी हे प्रश्न उलटसुलट क्रमाने, भराभर विचारायला लावा. उच्चार त्यांना नीट आला नाही तरी चालेल. खिडकीच्या काचेपलीकडून आवाज तसाच येतो. कान तयार करायला तेउबेगे, म्हणजे गॅलिसियाच्या सरकारी टीव्हीवरच्या बातम्या इंटरनेटवर ऐका. पहिल्या दिवशी काही कळणार नाही. हवामानाच्या बातम्यांपासून सुरुवात करा, कारण तिथे तेच ते शब्द रोज येतात. शंका आली तर गॅलिशियन अकादमीचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. मोबाइलवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये गालेगोही आहे आणि मराठीही, पण मराठीतून गालेगोत केलेली लांब वाक्यं बेभरवशाची येतात. एकेका शब्दापुरतं ते वापरा.

५. उत्तरं छोटी द्या, क्रियापदाने द्या

ही गोष्ट कळली की गालेगो एकदम घरची वाटायला लागते. 'पासपोर्ट आहे का?' या प्रश्नावर आपण 'होय' म्हणत बसत नाही, 'आहे' म्हणतो. गालेगोतही तसंच. 'तेङ?' विचारलं की 'तेन्यो'. 'त्राए?' विचारलं की 'त्राइओ', आणतोय. 'बाइ आ सान्तियागो?' याला 'बोउ', जातोय. 'एन्तेन्दे?' याला 'एन्तेन्दो', समजलं. नकारही त्याच पद्धतीने: 'नोङ तेन्यो', 'नोङ त्राइओ'. नुसतं 'सी' म्हटलं तरी बिघडत नाही, पण क्रियापदाने उत्तर दिलंत की समोरच्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो.

सुरुवात अभिवादनाने करा, ते इथे फार पाळतात. दुपारच्या जेवणापर्यंत 'बोस दीआस', मग 'बोआस तार्देस', अंधार पडल्यावर 'बोआस नोइतेस'. आभारासाठी 'मोइतास ग्राथास'. अधिकाऱ्याशी बोलताना 'बोस्तेदे' म्हणजे 'आपण' वापरा. 'ती' म्हणजे 'तू'. वर दिलेले प्रश्न सगळे 'आपण'चेच आहेत.

आता कामाची वाक्यं. तुम्हाला लागतील तेवढीच उचला.

• आकी तेङ ओ मेउ पासापोर्ते. हा माझा पासपोर्ट.
• सोङ दा इंदिया. मी भारतातून आलो, आले.
• बेन्यो दे बाकाथियोंस. सुट्टीसाठी आलोय.
• बेन्यो फाथेर ओ कामीन्यो. कामिनो चालायला आलोय.
• बेन्यो एस्तुदार ना उनिबेर्सिदादे. विद्यापीठात शिकायला आलोय.
• बेन्यो आ कासा दा मिन्या फील्या. माझ्या मुलीच्या घरी आलोय. मुलगा असेल तर 'दो मेउ फील्यो'.
• बोउ केदार किन्थे दीआस. पंधरा दिवस राहणार.
• उङा सेमाना, दूआस सेमानास, उङ मेस, दोउस मेसेस. एक आठवडा, दोन आठवडे, एक महिना, दोन महिने.
• तेन्यो रेसेर्बा नुङ ओतेल. हॉटेलचं बुकिंग आहे.
• त्राइओ एउरोस ए उङा तारशेता. युरो आणि एक कार्ड आणलंय.
• पोदे फालार माइस आमोदो? जरा सावकाश बोलाल का?
• नोङ एन्तेन्दो. समजलं नाही.
• फाला इंग्लेस? इंग्रजी येतं का?

शेवटची तीन आई-बाबांना आधी शिकवा. त्यांच्यासाठी मी एका कार्डावर मोठ्या अक्षरांत देवनागरी उच्चार आणि खाली मराठी अर्थ लिहून देते, दुसऱ्या बाजूला मुलीचा पत्ता आणि फोन.

एक सापळा वर्षाचा आहे. गालेगोत वर्ष म्हणजे 'आनो', स्पॅनिशमध्ये 'आन्यो'. स्पॅनिश बोलत असताना चुकून गालेगो 'आनो' गेलं तर तो शब्द गुदद्वाराचा होतो आणि खिडकीपलीकडचा माणूस हसू दाबतो. 'एक वर्ष शिकायला आलोय' हे माद्रिदला सांगायचं असेल तर 'न्य' स्पष्ट काढा.

६. हिरवा मार्ग की लाल मार्ग

बॅग घेऊन बाहेर पडताना दोन वाटा असतात. पाटीवर स्पॅनिशमध्ये 'आदुआना', गालेगोत 'आल्फान्देगा'. दोन्हींचा अर्थ कस्टम्स. जाहीर करण्यासारखं काही नसेल तर हिरव्याने जा. हिरव्याने गेलात म्हणजेच 'माझ्याकडे काही नाही' असं कायद्याने सांगितलंत, म्हणून आधी हे बघा:

• १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर जाहीर करावीच लागते. सोन्याची नाणी आणि शुद्ध सोन्याची वळी, बिस्किटंही त्या रकमेत मोजतात. लग्नाला येणाऱ्यांनी हे नीट वाचा.
• विमानाने येणाऱ्या मोठ्या माणसाला ४३० युरोंपर्यंतच्या नव्या वस्तू, भेटी शुल्काशिवाय आणता येतात. अंगावरचे वापरातले दागिने यात येत नाहीत. मुलीसाठी नवा हार डबीत, पावतीसकट नेत असाल तर तो येतो.
• सिगारेटी २०० पर्यंत, कडक दारू एक लिटरपर्यंत.
• युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, खवा, पेढे, पनीर, श्रीखंड गेलं. तुपातल्या लाडवांवर वाद होऊ शकतो. मी नेत नाही.
• ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, आलं यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. आंबाही त्यातच आला. गंमत म्हणजे नारळ, केळी, अननस आणि खजूर यांना सूट आहे.
• मासळीला मात्र वाट मोकळी आहे. माणशी २० किलोपर्यंत मासळी आणता येते, सुकीही. म्हणजे बोंबील चालतात आणि पेढे अडतात. तरी बोंबील तीन पिशव्यांत बांधा, नाहीतर सहप्रवासी तक्रार करतील.

मसाले, पीठं, पापड, पोहे, लोणचं यांना सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती पॅकिंगची. घरच्या मेतकुटाची पारदर्शक पिशवी, वर ना नाव ना गाव, आणि आत पिवळट बारीक पूड. एक्स-रेवर कुणाचंही लक्ष जाईल. माझ्या बॅगेतली अशी पिशवी गणवेशातल्या अधिकाऱ्याने दोन बोटांत धरून दिव्याकडे वर केली आणि विचारलं, 'इस्तो के ए?' मी म्हटलं, 'ए फारीन्या तोस्तादा कोङ एस्पेथियास', मसाले घातलेलं भाजलेलं पीठ. तो गप्प. मग 'लेबा लेइते?', दूध आहे का यात? 'नोङ लेबा.' तरी पिशवी हातातच. शेवटी मी म्हटलं, 'चेइरे, से केरे', हवं तर वास घ्या. त्याने गाठ सोडली, नाकाशी धरली, 'कोमीन्यो!' म्हणाला, म्हणजे जिरं, आणि शेजारच्यालाही हुंगायला दिली. नंतर गाठ पुन्हा घट्ट मारून बॅगेत नीट ठेवली. आता मी प्रत्येक पुडीवर गालेगो आणि स्पॅनिश दोन्हींत काय आहे ते लिहिते. तुम्हीही लिहा, आणि जमेल तिथे दुकानातलं बंद पाकीटच घ्या.

टेबलावर उपयोगी पडणारी वाक्यं:

• नोङ, नादा. नाही, काही नाही. ('नाडा' नव्हे, 'नादा'.)
• ए कोमीदा, पारा मिङ. खाण्याचं आहे, माझ्यासाठी.
• ए उङ आगासाल्यो. भेटवस्तू आहे.
• सोङ मेदिकामेन्तोस. तेन्यो आ रेथेइता. औषधं आहेत. चिठ्ठी आहे.
• नोङ तेङ कार्ने, निङ लेइते. यात मांस नाही, दूधही नाही.

काही काढून घेतलं तर हुज्जत घालू नका. पेढ्याचा डबा जातो, प्रकरण तिथेच मिटतं. 'दूध नाही' असं खोटं सांगितलंत तर दंडापर्यंत जाऊ शकतं.

७. बॅग आलीच नाही तर

बाहेर पडू नका. पट्ट्याजवळच्या खिडकीवर जा आणि म्हणा, 'आ मिन्या मालेता नोङ चेगोउ'. पी.आय.आर. नावाचा तक्रार अर्ज भरून त्याचा क्रमांक घ्या. बॅग मोडली असेल तर लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत करायची असते. बॅगेचा रंग सांगायला: नेग्रा काळी, आथूल निळी, बेर्मेल्या लाल, बेर्दे हिरवी. विमान बदलताना मध्ये वेळ कमी ठेवला की हे हमखास होतं.

८. बाजूला बसवलं तर गालेगो बंद

कागदात काही खटकलं की वेगळ्या खोलीत नेतात. बहुतेकदा एखादा फोन करून, बुकिंग पडताळून सोडतात. पण प्रकरण प्रवेश नाकारण्यापर्यंत गेलं, तर स्पेनच्या कायद्याने तुम्हाला वकील आणि दुभाषा मिळण्याचा हक्क आहे. तिथे मोडकी भाषा बोलून धीटपणा दाखवू नका. एकच वाक्य: 'नेथेसीतो उङ इन्तेर्प्रेते', मला दुभाषा हवा. स्पॅनिशमध्येही ते जवळपास असंच आहे, त्यामुळे माद्रिदलाही कळतं. मराठी दुभाष्याचा आग्रह धरलात तर तिष्ठत बसाल. हिंदी किंवा इंग्रजी मागा. न समजलेल्या कागदावर सही करू नका.

९. जहाजावर रुजू होणाऱ्यांसाठी

विगो हे युरोपातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक, आणि मालवाहू व क्रूझ जहाजंही तिथे लागतात. सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), पासपोर्ट, व्हिसा, कंपनीचं करारपत्र आणि स्थानिक शिपिंग एजंटचं पत्र एकत्र ठेवा. पत्रावर जहाजाचं नाव, बंदर आणि रुजू होण्याची तारीख हवी. वाक्यं दोनच: 'सोङ मारिन्येइरो', मी खलाशी आहे, आणि 'बेन्यो एम्बार्कार एङ बीगो', विगोला जहाजावर चढायला आलोय. एजंटला तिथे 'कोन्सिग्नातारियो' म्हणतात; त्याचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.

१०. पहिल्या महिन्यातल्या कचेऱ्या

पर्यटकांचं काम इथे संपलं. सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र स्पेनमध्ये आल्यापासून एक महिन्याच्या आत परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो. त्याआधी राहत्या पत्त्याची नोंद नगरपालिकेत, म्हणजे 'कोन्थेल्यो'त करायची. ओळखपत्र देणारे पोलीस केंद्राचे, तिथे स्पॅनिश. कोन्थेल्योचं कामकाज गालेगोत, फॉर्मही बहुतेकदा गालेगोतच. जमत नसेल तर 'पोदे सेर एङ कास्तेलाङ?' म्हणजे 'स्पॅनिशमध्ये चालेल का?' असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

कोन्थेल्योसाठी पासपोर्ट, भाडेकरार आणि झेरॉक्स. ओळखपत्रासाठी ईएक्स-१७ हा अर्ज, ७९० मालिकेतला ०१२ क्रमांकाचा फॉर्म भरून बँकेत पैसे भरल्याची पावती, फोटो, पासपोर्ट आणि कोन्थेल्योचा पत्त्याचा दाखला. दोन्हीकडे वेळ आधी घ्यावी लागते, आणि ती सहज मिळत नाही. उतरल्याच्या दिवसापासूनच संकेतस्थळ बघायला लागा.

• तेन्यो थीता आस देथ. दहाची वेळ घेतली आहे.
• बेन्यो एम्पाद्रोआर्मे. पत्त्याची नोंद करायला आलोय.
• फाल्ताल्ये उङ पापेल. तुमचा एक कागद कमी आहे. हे वाक्य तुम्ही म्हणायचं नाही, ऐकायचं आहे, आणि ऐकू येईलच.
• आसीने आकी. इथे सही करा.
• बोल्बा ओ लूंस. सोमवारी या. मंगळवार मार्तेस, बुधवार मेर्कोरेस, गुरुवार शोबेस, शुक्रवार बेंरेस.

जून म्हणजे 'शून्यो' आणि जुलै म्हणजे 'शूल्यो'. काचेमागून दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून वेळेची तारीख नेहमी कागदावर लिहून घ्या. १७ मे, म्हणजे गॅलिशियन साहित्य दिन, आणि २५ जुलै, म्हणजे गॅलिसिया दिन, या दिवशी कचेऱ्या बंद असतात. माद्रिदचं कॅलेंडर बघून हे कळत नाही.

आता आपल्या नावाची भानगड. 'नोमे' म्हणजे स्वतःचं नाव, 'आपेलीदोस' म्हणजे आडनावं, अनेकवचनात, कारण तिथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात: एक वडिलांकडचं, एक आईकडचं. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. कारकून ते मधलं नाव उचलून पहिलं आडनाव करतो आणि खरं आडनाव दुसऱ्यावर ढकलतो. मग कोन्थेल्योच्या दाखल्यावर एक नाव, ओळखपत्रावर दुसरं, बँकेत तिसरं. फॉर्म भरताना पासपोर्टवरचे दोन रकाने जसेच्या तसे उतरवा आणि दुसऱ्या आडनावाची जागा रिकामी सोडा. 'सो तेन्यो उङ आपेलीदो' म्हणजे 'मला एकच आडनाव आहे', हे वाक्य पाठ असू द्या. वडिलांचं आणि आईचं नाव फॉर्ममध्ये पुढे वेगळं विचारतात. तिथे 'पाइ' म्हणजे वडील आणि 'नाइ' म्हणजे आई. छापील प्रत हातात आली की खिडकीवरून हलण्याआधी प्रत्येक अक्षर वाचा. तिथल्या तिथे दुरुस्ती दोन मिनिटांत होते, नंतर त्यासाठी पुन्हा वेळ घ्यावी लागते.